अजून एक ऊन

भोसरी, पुणे
१६ जानेवारी १९९७

ती. मामांस,

ईश्वरीचा साष्टांग नमस्कार. मामीच्या तिळाच्या पोळ्या मिळाल्या. एसटीच्या पार्सलात त्यांचा पार भुगा झाला होता, पण भुगासुद्धा मी चमच्याने खाऊन संपवला, एवढं तिला सांगा. फोन करणार होते. पण गिरणीच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुम्ही "हां हां, तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवता. म्हणून पत्र.

बातमी अशी, की मी आता सुपरवायझर नाही. घाबरू नका, नोकरी आहे, पगारही तोच आहे. आमच्या विजेच्या बटणांच्या कारखान्यात आता परदेशी कंपनीची भागीदारी झाली. त्यांचे साहेब आले आणि म्हणाले, लाइनीवर सुपरवायझर नकोच. दहा बायकांचा एक गट करायचा. कोणी कुठे बसायचं, सुट्टी कोणाला द्यायची, खराब बटण निघालं तर लाइन थांबवायची की नाही, सगळं त्या दहा जणींनीच ठरवायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं आणि ठरेल ते फळ्यावर लिहायचं. मी फक्त मदतीला. कोणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प राहायचं. मामा, तुमच्या भाचीला गप्प राहायला सांगितलंय!

मार्चअखेर साहेब बघणार आहेत जमलंय का. आमचा गट तर झकास चाललाय. तीन आठवड्यांत एकही खराब बटण पेटीतून बाहेर गेलेलं नाही. गटातल्या सुभद्राबाई सगळ्यांत वडील, त्या म्हणतात, "मॅडम, आता तुम्ही निवांत बसा."

तुम्ही वीस वर्षं डाळगिरणी चालवताय. तुम्हाला काय वाटतं, खरं सांगा.

तुमची,
ईश्वरी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

नांदूरघाट
२४ जानेवारी १९९७

चि. ईश्वरीस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लई हसलो. एकट्यानं हसण्यात मजा न्हाई, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सिद्धारामाला सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायला लावलं. मशीन चालवतो तसंच वाचतो तो, मधी थांबत न्हाई. सटवा हमाल म्हणला, "आप्पा, मंग साहेब काय करतो?" मी म्हणलं, "पगार घेतो बे, दुसरं काय!" सगळे पोट धरून हसले.

एकटी नीलाबाई हसली न्हाई. निवडणाऱ्या बायांची म्होरकी ती, तुला आठवत असंल, तुला लहानपणी सूप धरायला शिकवायची. तिनं तेच पान सिद्धारामाकडून दोनदा वाचून घेतलं. मंग मला म्हणली, "ताईला इचारा, एखादीचा हात हळू चालत असंल तर तिला सांगतं कोण? अन् एखादीचं लेकरू आजारी पडलं तर?" बायांच्या डोक्यात काय येईल, भरवसा न्हाई. तूच काय ते कळव.

खरं सांगा म्हणतीस तर ऐक. पोरी, हे सगळं थोतांड हाय. आपल्याकडं तुरीला तेल-पाणी लावून पटांगणात उन्हाला टाकत्यात. ती ओली राहिली तर साल सुटत न्हाई. जास्त वाळली तर डाळीचा चुरा होतो. बरोबर कधी वाळली, हे दाणा दाताखाली धरला तरच कळतं. अन् तो दात कुणाचा? नागप्पाचा. रोज सकाळी मी खुर्चीतून उठतो, पटांगणात जातो, दाणा चावतो. चौदा माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी "चालू" म्हणलं की सिद्धाराम बटण दाबतो. "अजून एक ऊन" म्हणलं की पुन्हा तूर पसरत्यात. आता हे काम चौदा जणांनी फळ्यावर लिहून होणार हाय का?

अन् यंदा तर माझ्या दाताची परीक्षाच हाय. मुंबईच्या एका कंपनीनं पाकिटातल्या डाळीसाठी चारशे पोती मागितली. पाकिटातून डाळ आरपार दिसती म्हणं, म्हणून तुकडा चालणार न्हाई, सगळी अख्खी पाहिजे. पाडव्याच्या दिवशी त्यांचा माणूस शेवटचा ट्रक भरून नेणार. जमलं तर वर्षभराचं काम पक्कं. न्हाई जमलं तर लातूरच्या मोठ्या गिरण्यांपुढं आपला टिकाव लागत न्हाई, पुढच्या हंगामाला कुलूप. म्हणून मी सध्या जेवायलाबी घरी जात न्हाई. तुझी मामी बेजार हाय.

तुला सुपरवायझर केलं तेव्हा मी गावात पेढे वाटले होते. ते परत मागू का लोकांकडून?

तुझा मामा,
नागप्पा

भोसरी
३ फेब्रुवारी १९९७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पेढे परत मागू नका, लोकांच्या पोटात गेलेले बरे.

नीलाबाईंना सांगा, आमच्याकडे हळू हाताच्या बाईला तिच्या शेजारचीच सांगते, तेही सगळ्यांदेखत नाही. आणि सांगायच्या आधी विचारायचं, "काय अडतंय?" एकीला चष्मा लागला होता, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि लेकरू आजारी असेल तर तिनं घरी जायचं, तिचं काम दोघींनी वाटून घ्यायचं. कुणी, ते फळ्यावर लिहायचं. परवानगी मागायला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. नीलाबाईंनी फार नेमकं विचारलं. माझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी हेच दोन प्रश्न विचारले होते.

आमचा गट अजून झकासच. खराब बटणं शून्य.

जेवायला घरी जात जा.

तुमची,
ईश्वरी

अंबाजोगाई, सरकारी दवाखाना
१४ फेब्रुवारी १९९७

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

वर अंबाजोगाई वाचून छाती धडधडून घेऊ नको. पाय जरासा दुखावलाय.

बरं, मामी बाजूला बसून म्हणती खरं लिहा. तर मांडीचं हाड मोडलंय. पाय वजन लावून टांगून ठेवलाय, सहा आठवडे असाच. झालं असं की पोत्यांची थप्पी नीट लागली का बघायला मी वर चढलो. सटवाला सांगितलं असतं तर त्यानं बघितलं असतं. पण त्यानंच लावलेली थप्पी त्यानंच बघायची, ह्याला काय अर्थ? वरून खाली आलो तो थेट तुरीच्या ढिगात, पण पाय मधीच अडकला. इथले डॉक्टर लई चांगले, नर्सबाई तेवढी कडक हाय.

गिरणीची काळजी करू नको. मी बंदोबस्त केलाय. रोज सकाळच्या गाडीला सटवा तुरीची पुडी कंडक्टरकडं देतो. कंडक्टर इथं स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवतो. मामी जाऊन आणती. मी दाणा बघतो, चिठ्ठी लिहितो, "चालू" का "अजून एक ऊन", अन् संध्याकाळच्या गाडीनं चिठ्ठी परत. दुसऱ्या दिवशी उजाडताच हुकूम गिरणीत हजर! सगळा वॉर्ड चकित हाय. बाजूच्या खाटेवरले अर्जुनराव म्हणले, "नागप्पाशेठ, तुमच्यासारखा मालक बघितला न्हाई."

बघ, पाय टांगलेला असूनबी गिरणी माझ्याच दातावर चालली हाय.

मामा

भोसरी
१९ फेब्रुवारी १९९७

ती. मामांस,

पत्र वाचून मी लाइनीवरच रडले. सुभद्राबाईंनी पाणी दिलं आणि सगळं विचारून घेतलं. तुम्ही मला दहा वर्षांची असल्यापासून घरी ठेवून शिकवलं आणि मी तिथे नाही, याचं फार वाईट वाटतंय. येऊ का? सुट्टी मिळेल.

एक विचारू? रागावू नका. पुडी आज निघते, तुमची चिठ्ठी उद्या पोचते. तोवर तूर आणखी एक दिवस उन्हात असते ना? मग तुम्ही पाहिलेला दाणा आणि पटांगणातला दाणा एकच कसा?

नीलाबाई तिथेच असतात. त्यांना सांगून बघितलं तर?

ईश्वरी

अंबाजोगाई
२७ फेब्रुवारी १९९७

चि. ईश्वरीस,

आज चार दिवस झाले, पुडी न्हाई!

चहावाल्याला विचारलं, न्हाई. कंडक्टरला विचारलं, तो म्हणतो, "शेठ, सटवा स्टँडवर येतो, रामराम करतो, तुमची तब्येत विचारतो, पुडी देत न्हाई." ह्याला काय म्हणावं? आधीच तीस पोत्यांचा चुरा करून ठेवलाय त्यांनी. मी नीट लिहून धाडतो तरी चुरा! मी असतो तर एक दाणा फुटू दिला असता का? अन् आता पुडीच बंद. गिरणी बंद पडली का जळाली, इथं टांगलेल्या माणसाला काय कळावं!

तू येऊ का म्हणलीस ना. मंग ये. अंबाजोगाईला नको, सरळ नांदूरघाटला जा. गिरणीत माझी खुर्ची हाय, तिच्यावर बस. तुला सुपरवायझरकी येती. चौदा जणांना सांग, मामानं धाडलंय, आता मी सांगीन तसं. शिवरात्रीच्या आत जा. पोरी, वीस वर्षांची गिरणी माझ्या डोळ्यांपुढं जाती. पाडवा तोंडावर आलाय. आजवर तुला मी काही मागितलं न्हाई. हे मागतो.

नागप्पा

नांदूरघाट
१ मार्च १९९७

इस्वरीताईला नीलाबाईचा रामराम.

लिवनार सिद्धाराम हाय. मी बोलते तसंच लिव म्हनलंय. त्यानं मधी शानपना केला तर माझा दोस न्हाई.

ताई, आप्पा तुमाला हितं बोलावनार, आमाला ठाव हाय. सटवाला कंडक्टरनं सांगितलं. म्हनून ही चिठी घाईनं. तुमी येऊ नका.

रागावू नका, आधी ऐका. पुडी जायाची, चिठी दुसऱ्या दिशी यायाची. चिठीत "अजून एक ऊन". ते ऊन तर तोवर झालेलं असायचं. तरी आमी आनिक एक ऊन द्यायचो. मंग मशिनीत घातलं की कडाकडा चुरा. मला दिसत व्हतं, ताई. मूठभर दाने कानाशी हलवले की मला आवाजावरून कळतं, वाळली का न्हाई. ही गिरनी निघायच्या आधीपासनं निवडते, तीस वर्सं झाली, कान तयार झालेत. पर आप्पाची चिठी व्हती. चौदा जनांनी डोळ्यांदेखत तीस पोत्यांचा चुरा केला, कावून तर हुकूम व्हता. गीताबाई तर चुरा भरता भरता रडायला लागली. तिला सातवा महिना हाय. म्हनली, "गिरनी बंद पडली तर मी बाळतपन कशावर करू?"

त्या दिशी जेवन कुनाला गेलं न्हाई. सिद्धारामानं खिशातून तुमचं पत्र काडलं. आप्पानं हसायला दिलेलं, पर त्यानं जपून ठिवलं व्हतं. पुन्यांदा वाचलं. सटवा म्हनला, "आता कुनी हसू नका रे." मंग आमी ठरवलं. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ केला, त्येच्यावर खडूनं लिवलं. दाना ऐकायचा मी. मशीन सिद्धारामाची, पर कडाकडा वाजलं की कुनीबी बंद करायची, इचारायचं न्हाई. थप्पी सटवाची. गीताबाईनं खाली बसायचं न्हाई, तिला आप्पाची खुर्ची दिली हाय, खुर्चीवर बसून निवडती. पुडी बंद. आता पाच दिस झाले, डाळ अख्खी निघती, मोत्यावानी.

तुमी आलात अन् खुर्चीवर बसलात, तर आमी पुन्यांदा तुमच्या तोंडाकडं बघत उभे ऱ्हाऊ. सवय लई वाईट हाय, ताई, आत्ता कुठं मोडाया लागली. सनाला या, जेवायला या. आत्ता नको.

आप्पाला दुखवायचं न्हाई आमाला. देवमानूस हाय. आप्पाचं एक मला ठाव हाय, ते मी कुनाला सांगितलं न्हाई, तुमालाबी सांगनार न्हाई.

(सिद्धारामाचा नमस्कार. मी काहीच शहाणपणा केलेला नाही.)

भोसरी
६ मार्च १९९७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आजवर तुमचा एकही शब्द मी मोडला नाही. आज मोडतेय. मी नांदूरघाटला जाणार नाही.

नीलाबाईंचं पत्र आलंय. गिरणी बंद नाही, जळालेली नाही, चालू आहे. डाळ अख्खी निघतेय. पुडी त्यांनी मुद्दाम बंद केली, कारण तुमची चिठ्ठी पोचेपर्यंत दाणा बदललेला असायचा. तीस पोती त्यामुळे गेली. त्यांना आधीच दिसत होतं, पण तुमचा हुकूम मोडायचा धीर झाला नाही. आता झालाय. मी खुर्चीवर जाऊन बसले तर तो धीर परत जाईल.

मामा, मी बसण्यात पटाईत आहे, म्हणूनच भीती वाटते. तुम्हाला लिहीत होते ना, गट झकास, खराब बटणं शून्य? खोटं होतं ते. रोज पाळी सुटली की मी मागे थांबते. सगळ्या पेट्या उघडते, एकेक बटण तपासते, खराब असेल ते स्वतः दुरुस्त करते आणि पेटी पुन्हा बंद करते. सकाळी फळ्यावर शून्य लिहिलेलं असतं आणि दहा जणी टाळ्या वाजवतात. चूक कुणाची, कुठे होते, हे त्यांना कळतच नाही, कारण मी कळूच देत नाही. मला वाटायचं मी त्यांना जपतेय. खरं म्हणजे मी स्वतःला जपत होते. माझ्यावाचून चाललं, तर मी कशाला?

उद्या महाशिवरात्र. उपवास आहेच, आणि त्याच तोंडाने सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तुम्ही रागावणार, माहीत आहे. रागावा, पण पत्र पाठवा.

ईश्वरी

अंबाजोगाई
१९ मार्च १९९७

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

बारा दिवस पत्र लिहिलं न्हाई. पयले चार दिवस राग होता. मामीला म्हणलं, माझी भाची मेली मला. मामी म्हणली, "मंग तिचं पत्र उशाखाली कावून ठेवलंय?" पुढचे चार दिवस लाज वाटली. अन् उरलेले चार दिवस हे लिहू का नको, ह्यातच गेले.

तू खरं लिहिलंस, आता मीबी लिहितो. दवाखान्यात येईपर्यंत हे फक्त मामीला ठाऊक होतं.

माझ्या तोंडात एकबी दात न्हाई. दोन वर्षांमागं सोलापूरला लग्नाला गेलतो ना, ते लग्न न्हवतं. कवळी बसवायला गेलतो. वरची बी अन् खालची बी. कवळीखाली दाणा धरला तर काही म्हणता काही कळत न्हाई, ओला का कोरडा, तूर का खडा.

मंग दोन वर्षं गिरणी कशी चालली? सांगतो. मी पटांगणात जायचो, दाणा तोंडात टाकायचो, डोळे बारीक करायचो, अन् डोळ्याच्या कोपऱ्यातून नीलाबाईकडं बघायचो. तिनं सूप उचललं की मी म्हणायचो "चालू". ती तशीच बसून राहिली की "अजून एक ऊन". बस! हाच माझा दात. चौदा माणसं माझ्या तोंडाकडं बघायची अन् मी नीलाबाईच्या सुपाकडं.

इथं नीलाबाई कुठली? पुडीकडं बघून मला कप्पाळ कळणार! तूर ओली राहील ह्या भीतीनं आपलं लिहायचो, अजून एक ऊन, अजून एक ऊन. ती तीस पोती त्यांनी न्हाई घालवली. मी घालवली.

पयली पुडी घेऊन सटवा स्वतः आलता. नर्सबाईनं कवळी काढून ग्लासात ठेवायला लावली होती. त्यानं ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुडी ग्लासाला टेकवून ठेवली अन् म्हणला, "आप्पा, तुमी दोघं मिळून ठरवा." मी त्याला लई शिव्या दिल्या. आता आठवलं की एकटाच हसतो, पाय हालतो, नर्सबाई रागावती.

आज गिरणीला चिठ्ठी धाडली. दोनच शब्द लिहिले, "तुमी ठरवा." ते लिहायला सकाळची दुपार झाली, पोरी. तू म्हणलीस ना, माझ्यावाचून चाललं तर मी कशाला? तेच माझ्याबी डोक्यात घोळतंय. गिरणीत गेल्यावर मी बसायचं कुठं?

तुझं काय झालं? सांगितलंस का?

नागप्पा

भोसरी
२५ मार्च १९९७

ती. मामा,

दोन वर्षं सूप बघून! मी इतकी हसले की खोलीतली मैत्रीण विचारायला लागली. गुपित माझ्यापाशी राहील.

सांगितलं मी. सुभद्राबाई म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहिताय. आम्ही पेटीची चिकटपट्टी उजवीकडून लावतो, तुम्ही डावीकडून." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुमचं मन मोडलं असतं." मामा, मी त्यांना जपत होते आणि त्या मला!

दुसऱ्या दिवसापासून मी पाळी सुटली की घरी. पहिल्या आठवड्यात खराब बटणं एकोणीस. दुसऱ्यात सात. या आठवड्यात दोन. साहेबांनी तो फळा पाहिला आणि म्हणाले, शून्यापेक्षा हे दोन मला जास्त आवडले. एप्रिलपासून दुसरा गट उभा करायचं काम मला दिलंय.

तुम्ही मात्र नीलाबाईंना विचाराच. मला वाटतं, त्यांनाही माहीत असणार.

ईश्वरी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

नांदूरघाट
१० एप्रिल १९९७

चि. ईश्वरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तीस तारखेला घरी आलो. आठ दिवस गिरणीत गेलोच न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय म्हणलं सगळ्यांना. डॉक्टरनं काही सांगितलं न्हवतं. परवा पाडव्याला मात्र जावंच लागलं. कंपनीचा माणूस ट्रक घेऊन सकाळीच हजर. तीनशे नव्वद पोती तयार, ती चुऱ्याची तीसबी त्यांनी त्यातच भरून काढलेली. शेवटची दहा पटांगणात उन्हाला.

कुबड्या टेकत आत गेलो. खुर्चीवर गीताबाई बसलेली, पोट एवढं पुढं. ती उठाया लागली. मी म्हणलं, "बस माय, बस." मी पोत्यावर टेकलो. मंग नीलाबाई मूठभर तूर घेऊन माझ्यापुढं आली. म्हणली, "आप्पा, सनाचा दिस हाय. पयला दाणा तुमी चावायचा, असं आमी समद्यांनी ठरवलंय." चौदा जणं माझ्या तोंडाकडं बघत उभी. पयल्यावानी.

ईश्वरे, दाणा हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. अन् मला तुझं पत्र आठवलं. दाणा खाली ठेवला, तोंडात बोटं घातली, वरची काढली, खालची काढली, अन् रुमालात गुंडाळून खिशात टाकली. कंपनीचा माणूस दोन पावलं मागं सरकला. बोळक्या तोंडानं म्हणलं, "नीलाबाई, तूच ऐक."

कुणी हसलं न्हाई. नीलाबाईनं मूठ कानाशी धरली, हलवली. पुन्हा हलवली. अन् म्हणली, "अजून एक ऊन."

कंपनीचा माणूस भडकला. "पाडव्याची बोली होती! ट्रक उभा आहे! शेठ, तुम्ही सांगा यांना." मी तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय, पोरी. दहा पोत्यांनी काय होतंय, घाला मशीनीत, असं अगदी जिभेवर आलतं. तेवढ्यात गीताबाईकडं नजर गेली. तिनं खुर्चीचा दांडा गच्च धरलेला. मी म्हणलं, "साहेब, बाई म्हणती तसं. तुमी आज आमच्याकडं पुरणपोळी खा, उद्या जा." मंग सिद्धारामाला विचारलं, "बरं, माझं काम काय?"

सिद्धारामानं पत्र्यावर बघितलं. सटवाच म्हणला, "आप्पा, कबुतरं हाकायला कुणी न्हाई."

तर पाडव्याचा अख्खा दिवस तुझा मामा पटांगणात पोत्यावर बसून कुबडीनं कबुतरं हाकत होता. दुपारी नीलाबाई तूर परतायला आली. मी हळूच विचारलं, "नीलाबाई, तुला कधी कळलं?" ती म्हणली, "पयल्याच दिशी. दाणा दाताखाली येगळा वाजतो, आप्पा, कवळीखाली येगळा." मी म्हणलं, "मंग बोलली कावून न्हाईस?" तिनं तूर परतता परतताच सांगितलं, "तुमी माझ्याकडं बघून ठरवत व्हता. तीस वर्सांत तेवढं कुनी बघितलं न्हवतं. बरं वाटायचं." माझे डोळे भरून आले. ऊन लई हाय म्हणलं.

काल सकाळी तिनं मूठ हलवली, "चालू" म्हणली, सिद्धारामानं बटण दाबलं. कंपनीच्या माणसानं प्रत्येक पोत्यात हात घालून बघितलं. त्याला तुकडा सापडला न्हाई. वर्षभराचं काम देऊन गेला, अन् जाताना मामीकडून चार पुरणपोळ्या बांधून घेऊन गेला. गीताबाईला दोन महिने सुट्टी देऊन तिचं काम कुणी करायचं, ते पत्र्यावर लिहून झालंय.

तुझ्या दुसऱ्या गटासाठी पेढे वाटायला मी सटवाला सांगितलं. तो म्हणला, "आप्पा, आधी पत्र्यावर लिवा." लिहिलं.

कवळी आता फक्त जेवायला. सुट्टी काढून ये, नीलाबाईनं बोलावलंय, आता ये म्हणती. मी स्टँडवर आलो असतो, पण येता यायचं न्हाई. आज सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभ्याउभ्या बोलले, मी कुबडीवर, अन् पुढच्या आठवड्याची कबुतरंबी माझ्याकडंच दिलीत. म्हणत्यात, आप्पा, तुमचा हात चांगला हाय.

तुझा मामा,
नागप्पा